लाईट आल्यावर

आमच्या घरात रात्री लाईट गेलेली आधी कानाला कळते. पंखा थांबल्याचा उकाडा जाणवायला थोडा वेळ लागतो, पण त्याआधी हॉलमधली बारीक घरघर आणि पाण्यातली बुडबुड थांबलेली असते, आणि त्या शांततेनं मला जाग येते. एप्रिल-मे महिन्यात कोल्हापुरात वळीव कोसळतो, कुठंतरी नारळाची झावळी तारांवर पडते आणि गल्ली काळीठिक्कर होते. घरातले सगळे झोपलेले असतात. मी उठते, मोबाईलच्या उजेडात फिश टँकपाशी जाते आणि पहिल्यांदा भिंतीवरच्या बोर्डाची सगळी बटणं बंद करते. मासे त्यानंतर बघते.

हा क्रम मला माझ्या मामांनी शिकवला. ते एका साखर कारखान्यात बत्तीस वर्षं वायरमन होते. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय, कळंब्याच्या बाजूला राहतात, खिशात टेस्टर अजून असतो. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. विजेचं जे काही कळतं ते त्यांच्याकडून, आणि माशांचं जे कळतं ते मासे गमावून.

टँक शाहूपुरीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी आला तो मुलाच्या हट्टानं. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरला तर एकशे बत्तीस लिटर. त्यात चार गोल्डफिश. खाली लोखंडी अँगलचा स्टँड, स्टँडच्या खालच्या फळीवर हवेचा पंप, आणि स्टँडच्याच पायाला दोरीनं बांधलेला एक्स्टेन्शन बोर्ड. दुकानात तसंच मांडून ठेवलं होतं, आम्हीही तसंच मांडलं. दोन वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही म्हणजे मांडणी बरोबर आहे, असं आम्ही धरून चाललो.

मग एका रात्री लाईट गेली. पंप थांबला. टँक त्या दिवशीच धुऊन काठापर्यंत भरला होता. हवेची नळी पाण्यात तळाशी बुडालेली, तिचं दुसरं टोक खाली पंपाला. पंपाचा दाब होता तोवर हवा खालून वर जात होती. दाब गेला आणि पाणी उलटं नळीत शिरलं. दरवेळी असं होतंच असं नाही, पण पाणी एकदा का काठावरचं वळण ओलांडून खाली उतरायला लागलं की ते आपोआप थांबत नाही. डब्यातून रॉकेल काढायला नळी ओढायचे, तोच प्रकार. नळीचं टोक जिथवर बुडालंय तिथवर पाणी खाली येत राहतं. ते रात्रभर आलं. पंपातून, पंपाच्या वायरीवरून, त्या एक्स्टेन्शन बोर्डात आणि तिथून फरशीवर. टँकमधलं पाणी तीन इंचांनी उतरलं होतं, म्हणजे साधारण सव्वीस लिटर. हा हिशेब मी नंतर केला. त्या वेळी घरात कुणालाच काही माहीत नव्हतं, कारण अंधार होता आणि पाण्याला आवाज नव्हता.

पहाटे पाचला लाईट आली. बोर्डातून चर्र असा आवाज आला, जळकट वास आला. मी धावत गेले, ओल्या फरशीवर उभी राहिले आणि तोल सावरायला स्टँड धरला. कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि हात आपोआप मागे फेकला गेला. पायात रबरी स्लीपर होती. मामा म्हणाले, त्या स्लीपरला हळदकुंकू वाहा.

पण त्याहून महत्त्वाचं वाक्य ते नंतर बोलले. चहाचा कप खाली ठेवला, स्टँडकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, लाईट गेल्यावर कोण मरत न्हाई. आल्यावर मरतंय."

कारखान्यात आणि गावात त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. तार तुटून पडलेली असते, लाईट गेलेली असते, माणूस बिनधास्त तिला हात लावतो. खांबावर चढलेल्या माणसाला वाटतं, लाईन बंद आहे. आणि कुणाच्या तरी घरचा जनरेटर उलटा त्याच तारेत करंट सोडत असतो. अंधारात माणूस सावध असतो, चाचपत चालतो. उजेड आला की सैल पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी वायरीत जीव आलेला असतो. मामा हे मला सांगत होते तेव्हा मला ते फक्त त्या बोर्डापुरतं समजलं. पुरतं समजायला दोन वर्षं आणि एक महापूर जावा लागला.

बोर्डापुरतं जे समजलं ते आधी सांगते, कारण ते घरोघरी सारखंच आहे.

मला पडलेला पहिला प्रश्न असा : बोर्डात पाणी गेलं, स्टँडमध्ये करंट उतरला, मला शॉक बसला, मग एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडून लाईट तोडणारं बटण, का पडली नाही? आम्हाला वाटत होतं की नवीन एमसीबी बसवून घेतल्या म्हणजे घर सुरक्षित झालं. जुन्या किटकॅट फ्यूजांत तार घालत बसण्यापेक्षा हे चांगलंच होतं. पण मामांनी आकडा सांगितला आणि गणिताच्या बाईला आकडा कळतो. आमच्या लाईटच्या सर्किटला सहा अँपियरची एमसीबी होती. सहा अँपियरच्या वर करंट गेला तर वायर तापेल, म्हणून ती पडणार. माणसाच्या छातीतून तीस मिलीअँपियर, म्हणजे 0.03 अँपियर करंट गेला तरी जिवाला धोका सुरू होतो. म्हणजे एमसीबीला खबर लागेपर्यंत दोनशेपट करंट जायला हवा. एमसीबी वायरीला वाचवायला असते. आपल्याला वाचवायचं काम तिचं नाहीच.

ते काम आरसीसीबीचं. मामांनी ती मला समजावली ती दूध संस्थेच्या भाषेत. फेजमधून, म्हणजे करंट घेऊन येणाऱ्या वायरीतून, जेवढं गेलं तेवढंच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, परत आलं पाहिजे. मधे कुठं गळालं, म्हणजे ते ओल्या फरशीतून, स्टँडमधून, माणसाच्या अंगातून जमिनीत चाललंय. ती दोन्हीकडचं माप सतत ताडून बघते, आणि तीस मिलीअँपियरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडते. घरासाठी तीस मिलीअँपियरचीच घ्यायची, शंभरची किंवा तीनशेची नाही. त्या आगीपासून बचावासाठी असतात. आणि आरसीसीबी आली म्हणून एमसीबी काढायची नाही, कारण नुसती आरसीसीबी जादा लोडकडे बघत नाही. दोघींची कामं वेगळी.

बसवली त्या आठवड्यात ती रोज पडायला लागली. सकाळी अंघोळीच्या वेळी हमखास. ज्यानं बसवली तो वायरमन म्हणाला, "मॅडम, जुन्या घरात ही कटकटच असते, काढून टाकू का?" मी मामांना फोन केला. ते बसनं आले, एकेक बटण बंद करून बघत गेले आणि गीझरपाशी थांबले. गीझरच्या एलिमेंटमधून करंट गळत होता. किती महिने गळत होता, देव जाणे. आम्ही सगळे त्याच पाण्यानं अंघोळ करत होतो. ज्या घरात आरसीसीबी वारंवार पडते तिथं ती काढून टाकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. तिला दुखतंय तिथं बोट ठेवता येतं. ते बोटच कापून टाकायचं?

आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. दाबल्यावर पडली तर ठीक, नाही पडली तर बदलायची. महिन्यातून एकदा म्हटलं की माणूस विसरतो. म्हणून मी ते संकष्टीला बांधून टाकलंय. चंद्रोदयाच्या आधी बटण, मग मोदक. सासूबाईंना आधी ते विचित्र वाटलं होतं. आता त्याच आठवण करतात, "तुझं ते बटण दाबलंस का गं?"

अर्थिंगचा घोळ त्याहून जुना होता. घरभर थ्री-पिनचे बोर्ड होते, पण तिसऱ्या भोकात मागून वायरच नव्हती. दिसायला अर्थिंग, आत रिकामं. मामांनी परसदारी खड्डा घेऊन तांब्याची प्लेट पुरली, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर दिले, वर पाणी घालायला नळी ठेवली. जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून वैशाखात त्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतायचं. आमच्याकडे ते काम मुलाचं. टँकचा लोखंडी स्टँडही त्यांनी अर्थला जोडला, म्हणजे पुन्हा कधी त्यात करंट उतरलाच तर तो माझ्या हाताची वाट न बघता जमिनीत जाईल आणि आरसीसीबी पडेल.

आणि बोर्ड वर गेला. पाण्याच्या पातळीच्या वर, टँकच्या बाजूला, भिंतीवर. वायर टँकमधून निघून सरळ बोर्डात जात नाही; आधी खाली उतरते, तिला एक झोळ दिलाय, आणि मग ती वर बोर्डाकडे चढते. वायरीवरून ओघळत आलेला थेंब झोळाच्या तळाशी येऊन खाली गळतो, चढ चढून पिनपर्यंत जात नाही. फुकटातली गोष्ट आहे. हवेच्या नळीत मधे एक छोटा वॉल्व्ह बसवला, ज्यातून हवा जाते पण पाणी परत येत नाही. त्याची किंमत दोन वडापावांहून जास्त नव्हती. तो त्या रात्री असता तर बाकी काहीच झालं नसतं.

माशांना त्या रात्री काही झालं नव्हतं, हेही सांगायला हवं, कारण त्यानंच फसायला होतं. तारेवरच्या चिमणीसारखंच ते. करंटला जमिनीत जायची वाट मिळत नाही तोवर पाण्यात तरंगणाऱ्या माशाला बहुधा काही होत नाही. मासे मजेत फिरतायत म्हणून पाण्यात हात घालावा, तर ती वाट आपण होतो. टँकमध्ये हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलला लावलेलं असतं आणि बंद बटणामागेही फेज जिवंत असतो.

मग आला ऑगस्ट 2019.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या आठवड्यात सगळं कोल्हापूर दर तासाला तो आकडा विचारत होतं. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. जयंती नाल्यातून ते उलटं शहरात शिरलं, आमच्या गल्लीत कंबरभर झालं, खालच्या मजल्यावरचे शेजारी गाठोडी घेऊन आमच्याकडे वर आले. पुणे-बंगळूर हायवे बंद. पंपिंग स्टेशनं बुडाल्यामुळे नळाला थेंब नाही. आणि लाईट तोडलेली. ती तोडणंच बरोबर होतं. पाण्यातल्या डीपीत करंट ठेवला असता तर माणसं गेली असती. आमच्याकडे सहा दिवस लाईट नव्हती.

इन्व्हर्टर होता. दीडशे अँपियर-अवरची बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे कागदावर अठराशे वॉट-अवर. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला होता : हवेचा पंप पाच वॉटचा, म्हणजे तीनशे साठ तास! पंधरा दिवस! हा हिशेब साफ चुकीचा आहे, आणि तो कुणी करू नये म्हणून लिहितेय. इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठीच दहा-वीस वॉट खातो. पाच वॉटचा पंप चालवायला पंधरा वॉटचा नोकर ठेवल्यासारखं ते होतं. त्यात बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते. आणि घरात अकरा माणसं, चार लहान मुलं, दोन पंखे, आणि सगळ्यांचे मोबाईल, कारण त्या मोबाईलवरच बंधाऱ्याचा आकडा येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टरनं ओरडायला सुरुवात केली आणि संध्याकाळी तो गप्प झाला. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही नाही. बाळांना पंखा हवाच होता.

मग तांब्या. स्टीलचा तांब्या टँकमध्ये बुडवायचा, हातभर वर उचलायचा आणि धार पाण्यावर सोडायची. पडणारं पाणी हवा सोबत घेऊन आत जातं, आणि पृष्ठभाग हलता राहिला की हवेतला ऑक्सिजन विरघळत राहतो. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशाच्या पाण्यात साडेसात. ऑगस्टमध्ये पाणी थंड होतं हे नशीब. हेच वैशाखात झालं असतं तर मासे एक रात्र काढते की नाही, शंका आहे. फायटर किंवा गुरामी असते तरी एवढी धडपड लागली नसती. ते वर येऊन थेट हवा घेतात. गोल्डफिश ऑक्सिजनला खादाड. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले की समजायचं, उशीर होतोय.

दर अर्ध्या तासाला पन्नास तांबे. पाळ्या लावल्या होत्या. रात्री मी आणि हे, पहाटे मुलगा, दुपारी सासूबाई. सासूबाई हरिपाठ म्हणत म्हणत धार सोडायच्या, त्यामुळे त्यांचे पन्नास तांबे जास्त वेळ चालायचे. खालच्या शेजाऱ्यांची सहा वर्षांची मुलगी, जिचं सगळं घर पाण्याखाली होतं, ती स्टुलावर उभी राहून वाटीनं पाणी घालायची. एकाच गोष्टीवरून सासूबाईंशी माझं वाजलं. मी माशांना खायला घालू देत नव्हते. "दारात पूर आलाय आन् मुक्या जीवाला उपाशी ठेवायचं? पाप लागतंय," त्या म्हणाल्या. आई, मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, मी सांगत होते. खाल्लं की त्याच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, तो विष असतो, आणि फिल्टर बंद असल्यामुळे तो संपवायला कुणी नाही. त्यांना ते पटलं नाही. पण त्यांनी खायलाही घातलं नाही. स्वतः मात्र दोन दिवस एकवेळ जेवल्या.

चारही मासे सहा दिवस जगले.

सहाव्या रात्री साडेनऊला लाईट आली. पाणी गल्लीतून उतरलं होतं, आमच्या डीपीचा भाग सुरू केला होता. सगळ्या गल्लीतून "आऽऽली!" असा ओरडा उठला. मुलं नाचायला लागली, कुणीतरी शिट्टी मारली. मीही टाळ्या वाजवल्या. आणि हॉलमध्ये फिल्टर आपोआप सुरू झाला.

तो नवा फिल्टर होता. त्याच वर्षी हौसेनं घेतलेला, स्टँडखाली ठेवायचा बंद डब्याचा. डब्यात स्पंज आणि दगडी चकत्या, त्यांच्यावर कोट्यवधी जिवाणू. माशांच्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायचं काम त्यांचं. पण तेही श्वास घेतात. वाहतं पाणी त्यांना ऑक्सिजन आणून देतं. पाणी थांबलं की बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, ते मरायला लागतात, आणि त्यांच्या जागी बिनऑक्सिजनवर जगणारे, सडवणारे जिवाणू वाढतात. आमचा डबा सहा दिवस बंद होता. त्याचा प्लग बोर्डातच होता. बटण चालू.

टाळ्या थांबवून मी वळले तेव्हा नळीतून काळपट पाणी टँकमध्ये येत होतं. कुजक्या अंड्यांचा वास. मी प्लग ओढला. होतं नव्हतं ते पिण्याचं पाणी काढून एक बादली भरली, मासे त्यात हलवले, रात्रभर तांब्या चालू ठेवला. पहाटेपर्यंत तीन गेले. सहा दिवस अंधारात जगलेले मासे लाईट आल्यावर काही तासांत गेले.

परसदारी चिखल होता, खणायची गरजच नव्हती. तगरीच्या बुंध्याशी त्यांना ठेवलं. ती खालची मुलगी सोबत आली होती. तिनं मला विचारलं, "पाणी तर गेलं की, मग आता का मेले?"

त्या वेळी मामांचं वाक्य मला पुरतं कळलं. तोवर मी आणीबाणीचा सगळा विचार लाईट जाण्याभोवती करत होते. बॅटरी किती तास, पंप किती वॉट, ऑक्सिजन किती. लाईट येणं म्हणजे संकट संपणं, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि खरा घात प्रत्येक वेळी त्या क्षणी झाला होता. ओला बोर्ड रात्रभर निरुपद्रवी होता, पाचला जिवंत झाला. सडलेला डबा सहा दिवस बंद होता, साडेनऊला उघडला. ओळखीच्या एकांकडे, पाणी बदलायला टँक अर्धा रिकामा केला असताना लाईट गेली. अंधारात काम अर्धवट सोडून ते उठले, आणि लाईट आली तेव्हा उघडा पडलेला हीटर हवेतच तापला. त्यावर थंड पाणी ओतलं आणि काच तडकली. तेवढ्यावर निभावलं, कारण ओतणाऱ्याचा हात पाण्यात नव्हता. शिवाय लाईट आल्या आल्या व्होल्टेज वरखाली होतं, ते वेगळंच.

पूर ओसरल्यावर मामा चार दिवस आमच्याकडेच राहिले. खालची घरं मोकळी होत होती. लोक आधी चिखल उपसत होते, मग फिनेल, मग भिंती धुणं, आणि मग स्वाभाविकच मेन चालू करून मोटर लावावी, फ्रिज चालतोय का बघावा असं वाटायचं. मामा दारोदार जाऊन मेन पाडून येत होते. स्विचबोर्ड उघडून दाखवायचे. आत बोटभर गाळ. वरून भिंत वाळलेली दिसते, पाइपात पाणी तसंच उभं असतं. कारखान्यातल्या जुन्या दोस्ताकडून त्यांनी मेगर, म्हणजे वायरिंगमधून करंट गळेल का ते तपासायचं यंत्र, आणलं होतं. हँडल फिरवायचे, काटा बघायचे, मान हलवायचे. "न्हाई. अजून दोन दीस." एका घरात वाद झाला. लेकरं अंधारात आहेत, तुमचं काय जातंय, असं त्यांना ऐकवलं गेलं. मामा काही बोलले नाहीत. दाराशी स्टूल टाकून बसले, आणि त्या घरचे वरच्या मजल्यावर आमच्याकडे झोपायला येईपर्यंत उठले नाहीत. त्यांच्याबद्दल मला जे वाटतं त्यातलं बरंचसं त्या स्टुलावरच्या आकृतीशी जोडलेलं आहे.

जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा आलं, 2019 पेक्षाही थोडं वर, 56 फुटांच्या पुढे. या वेळी टँकमध्ये तो उरलेला एक गोल्डफिश आणि दोन नवे होते. लाईट गेल्या क्षणी मी सगळे प्लग काढून गाठ मारून वर टांगले. बंद डबा उघडला, आतला स्पंज आणि चकत्या जाळीच्या पिशवीत भरून टँकमध्येच, हवेच्या बुडबुड्यांसमोर ठेवल्या, म्हणजे जिवाणूंनाही श्वास मिळत राहील. इन्व्हर्टरच्या भरवशावर टँक ठेवला नव्हता. बारा व्होल्टवर थेट चालणारा तीन वॉटचा छोटा पंप आणि सात अँपियर-अवरची छोटी बॅटरी. चौऱ्याऐंशी भागिले तीन, अठ्ठावीस तास. बॅटरीचा जीव राखायचा म्हणून मी वीसच धरते. अशा दोन बॅटऱ्या. एक चालायची, दुसरी दीर खांद्यावर घेऊन पाण्यातून वाट काढत बाहेर न्यायचे आणि राजारामपुरीत नातेवाइकांकडे चार्ज करून आणायचे. मोबाईलच्या पॉवर बँकेवर चालणारा पंपही आणला होता, पण त्याला करंट इतका कमी लागायचा की पॉवर बँकेला वाटायचं काही जोडलेलंच नाही, आणि ती दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हायची. हे कोरड्या दिवशी करून बघितलं होतं म्हणून बरं.

इन्व्हर्टरबाबत मामांनी आणखी एक गोष्ट दाखवली जी मला कधी सुचली नसती. मेन बोर्डावरची आरसीसीबी बाहेरून येणाऱ्या लाईटवर लक्ष ठेवते. लाईट जाते आणि इन्व्हर्टर घर चालवायला लागतो, तेव्हा तो करंट तिच्यातून जातच नाही. म्हणजे ज्या वेळी घरात अंधार, गडबड आणि ओले हात असतात, त्याच वेळी पहारा उठलेला. म्हणून इन्व्हर्टरकडून निघणाऱ्या लाईनला आमच्याकडे वेगळी आरसीसीबी आहे. संकष्टीला आता दोन बटणं.

तो जुना गोल्डफिश अजून आहे. शेपूट थोडी झिजलीय, रंग पोटाकडे पांढरा होत चाललाय, पण काचेवर बोट ठेवलं की येतो.

परवा पुन्हा वळीव झाला. रात्री दोनला लाईट गेली, मी उठले, बटणं, प्लग, बॅटरीचा पंप. मग टँकशेजारी खुर्ची घेऊन बसले. बाहेर पत्र्यांवर गारा वाजत होत्या. पावणेतीनला लाईट आली. शेजारच्या खोलीतला पंखा फिरायला लागल्याचा आवाज आला. मी बसूनच राहिले, दहा मिनिटं. दिवा एकदा मंद झाला, पुन्हा नीट लागला. मग टेस्टर घेऊन स्टँड बघितला, हवेच्या नळीवरून आणि वायरीच्या झोळावरून कोरडा फडका फिरवला, बोर्डाच्या खाली टॉर्च मारली. एकेक प्लग लावला.

मोबाईल वाजला. मामा. कळंब्याकडेही गेली असणार.

"बोर्ड बघितलास न्हवं?"

"बघितला, मामा."

"कोरडा हाय?"

"कोरडा आहे."

"बरं. मग झोप आता."